‘वरचे दूध’: एका वजनकाट्याचा इतिहास

१/ आईच्या दुधाला मराठीत ‘अंगावरचे दूध’ म्हणतात आणि त्याखेरीज बाळाला जे पाजतात ते ‘वरचे दूध’. ‘वरखर्च’ या शब्दातला ‘वर’ तोच. मुळात भर घालणारा. दोन्ही दुधे एकत्र नांदू शकतात, हे भाषेने गृहीतच धरले आहे. ही जोड सुरक्षित कशी करावी, हे उमगण्यासाठी मात्र असंख्य बालकांचे प्राण गेले. आजचा धागा त्याविषयी.

२/ आईचे दूध अपुरे पडणे ही आधुनिक अडचण नव्हे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त अशा वेळी धात्रीचा आणि तीही नसल्यास शेळीच्या वा गाईच्या दुधाचा पर्याय सांगितला आहे. महाराष्ट्रातील जुन्या घरांत तान्ह्याला दूध पाजण्यासाठी चोचीचे बोंडले असे.

३/ आता एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सकडे वळू. पॅरिसमधील अनेक कष्टकरी स्त्रिया कामावर जाता यावे म्हणून आपली तान्ही मुले खेड्यांतील दायांकडे पाठवीत. त्यांतील कितीतरी परत येत नसत. अखेर १८७४ मध्ये तेओफिल रूसेल यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि पैसे देऊन दुसऱ्याकडे ठेवलेल्या दोन वर्षांखालील मुलांवर सरकारी देखरेख आली.

४/ दरम्यान बाजारात नवे अन्न आले होते. १८६०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ आणि पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे मिश्रण सुचविले. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे आँरी नेस्ले यांनी दूध, गव्हाचे पीठ व साखर यांपासून बालान्न तयार केले.

५/ खरा घात पुष्कळदा बाटलीत दडलेला असे. लांब रबरी नळीची दुधाची बाटली सोयीची होती. बाळ एकटेच पीत राही. पण ती नळी आतून स्वच्छ होत नसे. नासलेले दूध, अस्वच्छ नळी आणि उन्हाळा एकत्र आले की अतिसाराने मुले दगावत. फ्रान्सने १९१० मध्ये या बाटल्यांवर बंदीच घातली.

६/ तोवर पाश्चरच्या संशोधनाने जंतूंकडे लक्ष वेधले होते. १८८६ मध्ये सॉक्सलेट यांनी लहान बाटल्यांत दूध तापवून निर्जंतुक करण्याचे साधन पुढे आणले. वरचे दूध प्रथमच बऱ्याच अंशी निर्धोक करता येऊ लागले.

७/ १८९२ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्युदँ यांनी तान्ह्या बाळांसाठी सल्लाकेंद्र सुरू केले. तेथे बाळंत झालेल्या माता दर आठवड्याला बाळ घेऊन येत. बाळाचे वजन होई. स्तनपान चालू ठेवण्याचा आग्रह असे आणि आईचे दूध कमी पडत असल्यास तेवढ्यापुरते निर्जंतुक दूध दिले जाई.

८/ या ‘तेवढ्यापुरते’ला फार महत्त्व आहे. बाळ चोखते, तोवर दूध येत राहते. पाजणे थांबले की आटते. म्हणून वरचे दूध आईची जागा घेण्यासाठी नव्हे, उणीव भरून काढण्यासाठी. ती उणीव किती, हे शेजारणी किंवा जाहिराती ठरवीत नसत, वजनकाटा ठरवी.

९/ १८९४ मध्ये फेकाँ येथे डॉ. लेओं द्युफूर यांनी ‘गूत द ले’, म्हणजे ‘दुधाचा थेंब’, हे दूधवाटप केंद्र उघडले. अशी केंद्रे पुढे देशोदेशी निघाली. आयते दूध मिळाले तर माता स्तनपान सोडतील, हा आक्षेपही लगोलग आला. या साऱ्या आस्थेमागे राष्ट्राची चिंता होती, हेही विसरू नये. १८७०-७१ च्या पराभवानंतर घटत्या जन्मदराने फ्रान्स धास्तावला होता.

१०/ विसाव्या शतकात डबा जगभर पोहोचला. काटा आणि स्वच्छ पाणी मात्र सर्वत्र पोहोचले नाही. १९३९ मध्ये सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी बालान्नाच्या दिशाभूल करणाऱ्या प्रचारावर कठोर टीका केली. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीसंहिता स्वीकारली आणि १९९२ मध्ये भारताने अशा दुधाच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी घातली.

११/ या इतिहासात दोन्ही दुधे पाजणारी आई कुठेच अपराधी ठरत नाही. अपराधी ठरतात ती नासलेले दूध, घाणेरडी नळी, खोटी जाहिरात आणि तान्हे मूल सोडून आईला कामावर जायला लावणारी व्यवस्था. ‘दूध पुरत नाही का?’ असे नव्या आईला विचारणाऱ्यांनी ब्युदँच्या केंद्रातला क्रम ध्यानात ठेवावा: आधी बाळाचे वजन, मग आईला मदत. दोष देण्याची पायरी त्यात नव्हती.