पेट्रोलमधलं शिसं : एका सरकारी अहवालाची गोष्ट

आजच्या भागात आपण जातोय शंभर वर्षं मागे, अमेरिकेत. विषय आहे पेट्रोलमधलं शिसं. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण यात सरकारने चौकशी केली नाही असं झालं नाही. चौकशी झाली, तज्ज्ञ बसले, अहवाल आला. तरीही पुढची पन्नास वर्षं शिसं लोकांच्या रक्तात जात राहिलं. हे कसं झालं, तेच आज बघूया.

सुरुवात १९२१ मध्ये. तेव्हाच्या गाड्यांची इंजिनं चढावर किंवा जोर पडला की खडखडायची. याला म्हणतात नॉकिंग. जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजलीला त्यावर उपाय सापडला, टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये अगदी थोडं घातलं की खडखड बंद. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे मिजलीला माहीत होतं. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतं. टेट्राएथिल लेडच्या वापरावर मात्र पेटंट मिळत होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात हे पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं ‘एथिल’. त्यात ‘लेड’ हा शब्दच नव्हता, बरं का!

शिसं विषारी आहे, हे तेव्हाही जगाला माहीत होतं. मिजली स्वतः त्याने आजारी पडून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास व्हायला लागले, काही जण हिंसक झाले. पाच जण काही दिवसांत गेले. न्यू जर्सीतच दुसऱ्या एका कारखान्यातले कामगार हवेत नसलेले किडे हाताने झटकायचे, म्हणून त्या इमारतीचं नावच पडलं होतं ‘फुलपाखरांचं घर’. मिजलीने पत्रकारांसमोर तेच रसायन हाताला चोळून आणि हुंगून दाखवलं. म्हणजे बघा, काही धोका नाही!

त्याच सुमारास सरकारच्या ब्युरो ऑफ माइन्सचा अभ्यास जाहीर झाला. प्राण्यांना गाडीच्या धुरात ठेवलं, काही झालं नाही, असा निष्कर्ष. पण या अभ्यासाचा खर्च जनरल मोटर्सने केला होता, आणि प्रसिद्धीआधी मजकूर कंपनीला दाखवायचं ठरलं होतं. लोकांचा विश्वास बसला नाही. न्यूयॉर्क शहराने विक्रीवर बंदी घातली.

मग २० मे १९२५ ला सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. कंपनीची बाजू अशी की हा देशाच्या प्रगतीचा प्रश्न आहे, धोका असेल तर सिद्ध करा. दुसरीकडे येलचे यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन. हॅमिल्टन या कारखान्यातल्या विषबाधांवर काम करणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांची काळजी फक्त कामगारांपुरती नव्हती. हे शिसं रस्त्यावर थोडं थोडं पसरेल, हळूहळू साठेल, आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असेल, असं या दोघांना वाटत होतं.

शेवटी सात तज्ज्ञांची समिती नेमली. कंपनीने तोवर विक्री थांबवली. समितीने डेटन आणि सिनसिनाटीतले २५२ पुरुष तपासले. गाडीचालक, गॅरेजमधले कामगार, शिशाच्या धुळीत काम करणारे. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला : योग्य नियम पाळले तर बंदी घालायला सबळ कारण दिसत नाही.

आता इथे जरा थांबूया. अहवाल खोटा होता का? माझ्या मते नाही. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. पण पाहिलं काय? कमावते, धडधाकट पुरुष, आणि तेही काही महिने. लहान मुलं नाहीत, गरोदर बायका नाहीत, वीस वर्षांनंतरचं शरीर नाही. आणि हे समितीला कळत होतं! अहवालात त्यांनी स्पष्ट बजावलं की जास्त काळाच्या अनुभवाने वेगळं चित्र दिसू शकतं, म्हणून सरकारने स्वतःच्या पैशाने अभ्यास चालू ठेवावा.

तो अभ्यास झाला नाही. अहवालातला पहिला भाग सगळ्यांनी उचलला, दुसरा कपाटात गेला. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीसेक वर्षं शिशावरचं संशोधन मुख्यतः रॉबर्ट केहो यांच्या हातात राहिलं, आणि त्याचा खर्च हा उद्योगच करत होता. १९५९ मध्ये कंपनीने पेट्रोलमध्ये आणखी शिसं घालायची परवानगी मागितली. सरकारी समितीने १९२६ ची शिफारस पाळली गेली नाही याबद्दल खंत व्यक्त केली, आणि परवानगी देऊन टाकली.

हे चक्र मोडलं ते एका भूरसायनशास्त्रज्ञाने. पृथ्वीचं वय मोजणारे क्लेअर पॅटरसन. मोजमाप करताना त्यांना जिथे तिथे शिसं सापडत होतं. केहो म्हणायचे, शिसं सगळ्यांच्या अंगात असतंच, ते नैसर्गिक आहे. पॅटरसन यांनी १९६५ मध्ये मांडलं की ‘नेहमीचं’ आणि ‘नैसर्गिक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७३ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्थेने शिसं कमी करायचे नियम केले. कंपन्या कोर्टात गेल्या. १९७६ मध्ये कोर्टाने सांगितलं की नुकसान पक्कं सिद्ध होईपर्यंत संस्थेने थांबायची गरज नाही. पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं, तसं १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं साधारण ३७ टक्क्यांनी उतरलं.

आपल्याकडे? १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत शिसंमुक्त पेट्रोल आलं, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर. म्हणजे तुमच्या आईबाबांनी तरुणपणी सिग्नलला उभं राहून हाच धूर घेतलाय. अल्जीरियाने २०२१ मध्ये विक्री थांबवली, तेव्हा कुठे जगभरातल्या पंपांवरून हे पेट्रोल गेलं. आज जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर ‘सरकारी अभ्यासात धोका आढळला नाही’ अशी बातमी आली, तर लगेच घाबरूही नका आणि निश्चिंतही होऊ नका. चार गोष्टी शोधा : किती दिवस पाहिलं, कोणाला पाहिलं, पैसे कोणाचे होते, आणि यापुढे लक्ष कोण ठेवणार. १९२६ च्या समितीने यातला शेवटचा प्रश्न स्वतःच विचारून ठेवला होता. उत्तर द्यायला कोणी पुढे आलं नाही.

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात!