जे. जे.चे मास्तर
(सिल्व्हर पार्क, मीरा रोड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

इथून रिक्षाने स्टेशन गाठून, कागदांची गुंडाळी सांभाळत चर्चगेट लोकलमध्ये चढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. त्यांचे आईवडील विचारतात, "चित्रकला कॉलेजात जाऊन येते का हो?" याचं उत्तर इतिहासात शोधू या.

सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले आणि १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. पुढे जो मोठा ग्रंथ निघाला, त्यावर नाव मात्र ग्रिफिथ्स यांचं. साहेब आणि विद्यार्थी यांतलं अंतर मिटलं नव्हतं, हे विसरून चालणार नाही. तरीही मास्तर स्वतः जे पाहत होते, तेच मुलांना शेजारी बसवून दाखवत होते. हे अभ्यासक्रमात लिहून येत नाही.

१८९० मध्ये कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर आले. ग्रिफिथ्स यांनी त्यांना उत्तेजन दिलं. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, १८९६ पासून ते तिथेच शिकवू लागले. १९४० साली आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांना नाव दिलं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे'. आता बघा, नोकरीच्या जागेला माणूस मंदिर कधी म्हणतो? तिथे कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलेलं असतं तेव्हाच.

पुढची साखळी तर अजून बोलकी आहे. भारतीय चित्रशैलीच्या वर्गात जगन्नाथ अहिवासी शिकवत. शंकर पळशीकर त्यांचे विद्यार्थी, वासुदेव गायतोंडेही. लघुचित्रांतली रेषा आणि सपाट रंग गायतोंडे तिथे शिकले. नंतर त्यांच्या चित्रांतून माणसंही गेली आणि गोष्टही गेली. उरला रंग आणि शांतता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे अहिवासींची नक्कल शोधाल तर मिळणार नाही. चांगल्या मास्तरांची खूण हीच, की शिष्याचं चित्र त्यांच्यासारखं दिसत नाही.

पळशीकर १९४७ पासून जे. जे.त शिकवू लागले, १९६८ ते १९७५ अधिष्ठाता होते. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनीही १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षं तिथेच शिकवलं. म्हणजे अहिवासी, पळशीकर, कोलते. तिघांची चित्रं तीन तऱ्हेची, पण ज्याला मिळालं तो ते पुढच्याला द्यायला वर्गात परतला.

म्हणून आजची काळजी वाटते. कितीतरी कलामहाविद्यालयांत पदं रिकामी असतात, शिक्षक तासिका तत्त्वावर येतात-जातात. ते मेहनत करत नाहीत असं मुळीच नाही. पण मास्तर दरवर्षी बदलले, तर मुलाचं पहिल्या वर्षाचं चित्र आणि शेवटच्या वर्षाचं चित्र शेजारी ठेवून पाहणार कोण?

तेव्हा पालकांनो, प्रवेश घेताना इमारत बघा, फी विचारा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: इथे शिकवतं कोण, आणि किती वर्षांपासून?