भंडाऱ्याचा खडक आणि पिसदुऱ्याची लीद

भंडारा जिल्ह्याच्या भूमीत डायनासोरच्या पाऊलखुणा शोधू जाणाऱ्याला पहिली अडचण येते ती खडकांच्या वयाची. जिल्ह्याचा बहुतांश भाग ज्या खडकांवर उभा आहे, ते भूविज्ञानात साकोली आणि सौसर या नावांनी ओळखले जाणारे समूह रूपांतरित खडकांचे, म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता सोसून मूळ रूप पालटलेल्या खडकांचे आहेत. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे ज्यांच्या पोटातून मँगनीज काढले जाते, ते सौसर समूहाचे थर नव्वद कोटी वर्षांहून जुने असून, ते साचले त्या काळी पाय असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. डायनासोर अवतरले ते सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा वैनगंगेच्या या खोऱ्यातील डायनासोरचा इतिहास लिहायचा तर जिल्ह्याची हद्द ओलांडून शेजारी जाणे भाग पडते, आणि तेथेही पुरावा मिळतो तो पावलांचा नव्हे.

पाऊल टिकण्यासाठी जमीन फार नेमकी लागते. कोरड्या वाळूत उमटलेला ठसा कडा ढासळून क्षणात बुजतो. मात्र दव, तुरळक पाऊस किंवा दोन टेकाडांमधील सखल भागातील ओल यांमुळे वाळूचा वरचा थर धरून राहिला, त्यावर वाऱ्याने लगेच दुसरी वाळू पसरली, आणि पुढे सिलिका किंवा लोहाच्या द्रव्यांनी कण सांधले जाऊन त्याचा वालुकाश्म झाला, तर तो ठसा कोट्यवधी वर्षे राहू शकतो. अमेरिकेच्या युटा आणि ॲरिझोना राज्यांतील नवाहो वालुकाश्म हे अशाच एका ज्युरासिक वाळवंटाचे अवशेष असून त्यांत डायनासोरचे माग आहेत. पाऊलखुणांच्या शास्त्राचा आरंभ मात्र त्याहूनही जुन्या वाळवंटाने झाला. स्कॉटलंडमधील कॉर्नकॉकल म्यूअरच्या खाणीत सापडलेल्या मागांविषयी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने 1828 मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, आणि ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंडने ते माग कोणाचे हे ठरवण्यासाठी जिवंत कासवाला मळलेल्या कणकेवरून चालवून पाहिले. कासवाचा कौल पुढे चुकीचा ठरला. ते प्राणी डायनासोरांच्या आधीचे, सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांच्या कुळातले होते. तरीही प्रयोगाची रीत योग्यच होती.

डंकन ज्या फ्री चर्चमध्ये 1843 मध्ये सामील झाला, त्याच चर्चचा स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी 1845 मध्ये नागपुरास आला. भंडारा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. शाळा चालवणे आणि गोंडांच्या चालीरीती टिपणे हे उद्योग सांभाळून हिस्लॉपने रॉबर्ट हंटरसह या प्रदेशाच्या भूविज्ञानाचा पाया घातला. मांगली येथील वालुकाश्मातून मिळालेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीला रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटच्या शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना हिस्लॉप नाल्याच्या पुरात बुडाला.

या प्रदेशातील डायनासोरचा खरा ठेवा आहे तो चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा आणि डोंगरगाव या गावांच्या परिसरात, भंडाऱ्यापासून नैर्ऋत्येस शंभरेक किलोमीटरवर. दख्खनचा लाव्हा पसरण्याच्या सुमारास, आजपासून साधारण सहा कोटी साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी, नद्या-तळ्यांच्या काठी साचलेल्या या थरांना जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा म्हणतात. डोंगरगावच्या टेकडीतून मिळालेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केले; भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला पुढे इसिसॉरस म्हटले गेले. पिसदुऱ्याची ख्याती मात्र हाडांइतकीच लिदीची आहे. तेथील तांबड्या चिकणमातीतून निघणारे शिलाभूत विष्ठेचे गोळे सी. ए. मॅटले यांनी 1939 मध्ये आकारमान आणि घडणीनुसार वर्गवारी करून प्रसिद्ध केले. पाण्याने फुगणारी आणि उन्हाने भेगाळणारी अशी माती पाऊल धरून ठेवण्यास बहुधा नालायकच ठरते. गोळा मात्र तिच्यात टिकतो.

या गोळ्यांची खरी किंमत कळण्यास आणखी सहासष्ट वर्षे जावी लागली. गवतवर्गीय वनस्पती मुळांतून शोषलेली सिलिका पेशींमध्ये साठवतात, आणि वनस्पती कुजली तरी त्या पेशींच्या आकाराचे सूक्ष्म काचकण मागे उरतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. धानाच्या पात्याची धार हाताला चिरते आणि तूस जाळल्यावर भरपूर राख उरते, ती याच सिलिकेमुळे. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक सहानी यांनी पिसदुऱ्याच्या लिदीतून असे कण वेगळे करून 2005 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की डायनासोरांच्या काळी गवताचे किमान पाच प्रकार या भूमीवर होते. तोवर गवत हे डायनासोर नष्ट झाल्यानंतरचे, असाच सर्वसाधारण समज होता. लिदीत गवताचा वाटा थोडा होता, तेव्हा या प्राण्यांना गवतावर पोसलेले म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांचा मुख्य चारा इतर झाडपाला होता. 2011 मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी लमेटा थरांतील अशा कणांमध्ये भात ज्या गटात मोडतो त्या गटाचीही ओळख पटवली.

पाऊलखुणेवरून प्राण्याची चाल, वेग आणि कळप कळतो. लिदीवरून त्याचे रान कळते, आणि विदर्भाच्या पदरी हे दुसरे दान पडले आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर आणि बोड्यांवर ज्या भंडाऱ्याची धानशेती उभी राहिली, त्या जिल्ह्याला या शोधाविषयी वाटणारे कुतूहल साहजिक आहे, परंतु त्यावरून भाताची लागवड या मातीत जन्मली असा निष्कर्ष काढता येत नाही: लमेटा थरांतील वनस्पती रानटी होत्या, आणि माणसाने भात शेतात आणला तो गेल्या काही हजार वर्षांतच.