कवीचे नाव कोण ठेवतो?

१९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ पासून याच गावातून निघत होते, त्यामुळे मुंबई-पुणे सोडून कवी खानदेशात का जमले, याचे फारसे आश्चर्य वाटू नये. अध्यक्षस्थानी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा या सभेत कविता म्हणायला उभा राहिला, आणि ती ऐकून अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. ठोमरे हे आडनाव त्या दिवसापासून मागे पडत गेले. आज एम.ए.च्या वर्गातही बालकवींचे पूर्ण नाव विचारले की चार-दोन हात जेमतेम वर येतात.

कीर्तिकर वैद्यकीय सेवेतले असले तरी अभ्यासक म्हणून त्यांचा खरा जीव वनस्पतींत होता. भारतीय औषधी वनस्पतींवर त्यांनी बसूंसह सिद्ध केलेला ग्रंथ १९१८ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. झाडापानांची नावे पारखण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच माणसाने मराठीतल्या फुलांच्या कवीला नाव द्यावे, हा योग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. मात्र वनस्पतीला नाव मिळाल्याने ती वेगळी वाढू लागत नाही. कवीचे तसे नसते.

हे सगळे आठवण्याला कारण एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न. ती चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या बाजूच्या एका गावातली. घरी जी भाषा बोलते तीतच कविता करते आणि त्या बऱ्या आहेत. आता तिला त्या महाजालावर प्रसिद्ध करायच्या आहेत. तासानंतर ती थांबली आणि म्हणाली, “सर, नाव काय लावू? आणि फोटो कोणता देऊ? फोटोशिवाय कोणी वाचत नाही म्हणतात.” मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. परंतु साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्याने ज्या प्रश्नाला बगल देऊ नये असा हा प्रश्न आहे, हे घरी जाईपर्यंत लक्षात आले होते. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत टोपणनावांची यादी परिशिष्टात असते, पाठ करण्यासाठी. कोणी कोणते नाव का घेतले, ते घेऊन काय मिळवले आणि काय गमावले, हे त्या यादीत शोधून सापडत नाही.

बालकवींनी काय गमावले? माझे मत असे, की त्या नावाने त्यांच्या वाचकाला दिशा दिली आणि ती दिशा अपुरी होती. ‘बाल’ या शब्दाने आनंदी, निरागस, निसर्गात बागडणारा कवी अपेक्षिला. शालेय पुस्तकांनी ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘आनंदी आनंद गडे’ निवडून ती अपेक्षा पक्की केली. ‘पारवा’, ‘खेड्यातील रात्र’ या कविता त्या नावाच्या अंगरख्यात मावत नाहीत. ‘औदुंबर’ तर अवघ्या आठ ओळींची. समीक्षकांनी तिच्यावर किती शाई खर्च केली याची गणती नाही, आणि त्या शाईचा एक भाग तरी ‘बालकवींनी हे कसे लिहिले?’ या अडचणीतून आलेला आहे. ठोमरे यांनी ते कसे लिहिले, असा प्रश्न असता तर अडचण एवढी भासली नसती. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. सत्तावीस वर्षांचा माणूस बाल नसतो. पण सभेत मिळालेले नाव परत कुठे करायचे, याची सोय आपल्याकडे नाही.

स्वतः घेतलेल्या नावांची तऱ्हा निराळी आहे. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ झाले, राम गणेश गडकरी कवितेपुरते ‘गोविंदाग्रज’ झाले, वि. वा. शिरवाडकर ‘कुसुमाग्रज’ झाले. यांतले प्रत्येक नाव कवीकडे नव्हे, त्याच्या जवळच्या माणसाकडे बोट दाखवते: वडील केशव, धाकटा भाऊ गोविंद, बहीण कुसुम. कवी आपली ओळख ‘मी अमुक’ अशी न देता ‘मी अमक्याचा’ अशी देतो. हा संकोच संतांच्या नाममुद्रेपासून चालत आलेला असावा. ज्ञानेश्वर रखुमादेवीवराचे नाव पुढे करतात. एकनाथ स्वतःच्या नावाला गुरू जनार्दनांचे नाव जोडल्याशिवाय अभंग पुरा करत नाहीत. केशवसुतांनी काही काळ याच खानदेशात, भडगाव आणि फैजपूरला शिक्षकी केली. तिथल्या मुलांच्या लेखी ते दामले मास्तरच असणार. ‘केशवसुत’ हा मासिकाच्या पानावर राहणारा दुसरा गृहस्थ होता. दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचे नाही असा जणू करार.

(येथे एक कबुलीजबाब देणे भाग आहे. प्रस्तुत लेखकानेही महाविद्यालयीन वयात ‘तापीसुत’ या नावाने वार्षिक अंकात दोन कविता छापल्या. मित्रांनी पुढचे वर्षभर ‘काय रे, नदीला पूर आला का?’ असे विचारून ते नाव बुडवले. नदीला वडिलांच्या जागी बसवण्यात व्याकरणाचीही काही गडबड आहे, हे नंतर ध्यानात आले.)

एका माणसाला एकच नाव पुरावे, हा आग्रहही तसा अलीकडचाच. गडकरी नाटकाला स्वतःचे नाव देत, कवितेला ‘गोविंदाग्रज’, विनोदाला ‘बाळकराम’. चिं. त्र्यं. खानोलकरांची कादंबरी खानोलकरांची, कविता मात्र आरती प्रभूंची. वाचक गोंधळले नाहीत. उलट कोणत्या दारातून आत जायचे हे नावावरूनच त्यांना कळत असे. आजचा सल्ला नेमका याच्या उलट आहे: सर्वत्र एकच नाव, एकच छायाचित्र, म्हणजे माणूस मालासारखा ओळखू येईल. दुकानाच्या पाटीचे हे शास्त्र कवीला लावावे की नाही, याविषयी मी साशंक आहे.

परंतु संकोच ही पुरुषांना परवडणारी गोष्ट होती. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा मुखपृष्ठावर ‘विभावरी शिरूरकर’ हे कोणालाच माहीत नसलेले नाव होते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या मनातले जे त्या कथांत उघडपणे आले, त्याने खळबळ उडाली आणि चर्चा कथांवरून घसरून लेखिकेवर आली. ही बाई कोण? बाईच आहे ना? त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. विभावरी म्हणजे रात्र. नावातच काळोखाचा आडोसा आहे. येथे टोपणनाव हे अलंकार नाही, कवाड आहे, आणि ते आतून लावलेले आहे. युरोपातही निराळे घडले नाही. ब्राँटे भगिनींनी १८४६ मध्ये कविता छापल्या त्या पुरुषांच्या वाटाव्यात अशा नावांनी. एलेना फेरान्ते हे नाव घेणाऱ्या इटालियन लेखिकेने १९९२ पासून छायाचित्र दिलेले नाही, तर २०१६ मध्ये एका पत्रकाराने पैशांच्या व्यवहारांचा माग काढून तिचा ठावठिकाणा सांगण्याचा प्रयत्न केला. कवाड लावले की बाहेरच्यांना पुस्तकापेक्षा कवाडातच रस वाटू लागतो.

आणि जिने नाव निवडलेच नाही, तिचे काय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाले. म्हणजे कवयित्री म्हणून आपले नाव छापलेले त्यांनी पाहिले नाही, आणि कवी-परिचयाच्या चौकटीतले डोक्यावर पदर घेतलेले ते चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, त्याविषयीही त्यांना कोणी विचारले नाही. २०१८ पासून आमच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. पदवी प्रमाणपत्रावर हे नाव घेऊन बाहेर पडणारी मुले परीक्षेत मात्र त्यांना सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंशी मिसळून टाकतात, हा स्वानुभव आहे. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण समीक्षा लिहिताना ‘मर्ढेकर म्हणतात’, ‘तांबे म्हणतात’ असे लिहितो. पण ‘बहिणाबाई म्हणतात’, ‘इंदिराबाई म्हणतात’. बाईला पहिल्या नावाने हाक मारून आपण तिला घरातली करून टाकतो, आणि घरातल्या माणसाचे म्हणणे कितीसे मनावर घ्यायचे असते?

नाव लादलेले असते तेव्हा ते परत लिहिणे हाही एक मार्ग आहे. दया पवारांनी १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार या जन्मनावाला समोर बसवले आणि त्याच्याकडून कहाणी ऐकली. साहित्यिक म्हणून प्रतिष्ठित झालेल्या नावाने आपल्या अप्रतिष्ठित नावाला बोलते केले. टोपणनावाचा याहून गंभीर उपयोग मराठीत कोणी केला असेल, असे मला वाटत नाही. आमच्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे स्वतःचे नाव लावून लिहीत राहिले, आणि गाव मात्र ‘कोसला’च्या नायकाला आडनाव म्हणून देऊन टाकले. लेखकाचा ‘लेखकराव’ होण्यावर त्यांनी पुढे जो निबंध लिहिला, तो वर्गात वाचून दाखवला की मुले हसतात. आता वाचला तर कदाचित कमी हसतील. लेखकराव व्हायला पूर्वी पुस्तके, पुरस्कार, सत्कार असा लांबचा रस्ता होता. आता पहिल्या कवितेआधीच छायाचित्र काढून घ्यावे लागते, हनुवटीखाली हात ठेवून.

मला या क्रमाचीच भीती वाटते. केशवसुतांची कविता पुस्तकरूपात आली १९१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. तोवर वाचकांनी त्या कवितेवरून मनात एक माणूस घडवला होता. आता माणूस आधी दिसतो आणि त्याचे वय, रंग, कपडे, आडनाव यांच्यावरून कविता घडवली जाते. आडनावाचे तर विचारूच नये. आमच्याकडे नाव सांगितले की पुढचा प्रश्न ‘कोणते पाटील?’ हा असतो. विद्यार्थिनीने फोटोविषयी विचारले तेव्हा तिच्या आवाजात हौस कमी आणि धास्ती जास्त होती. गावातल्या कोणी पाहिले तर घरी काय सांगायचे, हा त्यातला न बोललेला भाग. आणि पूर्ण टोपणनाव घेतले तर आईने ज्या शब्दांत ओव्या म्हटल्या, त्याच शब्दांतली कविता आपली आहे हे कोणाला कळणार, हा दुसरा.

पुढच्या आठवड्यात मी तिला ग्रंथालयात बोलावून बालकवींची आणि विभावरी शिरूरकरांची गोष्ट सांगितली. सल्ला असा दिला नाही. गंभीर आणि हलके दोन्ही लिहायचे असेल तर दोन नावे घेतलीस तरी गुन्हा होत नाही, आणि कोणी कौतुकाने विशेषण दिले तर ते नावात घेऊ नकोस, एवढे बोललो. तिने विचारले, “आईचं नाव लावलं तर?” मला लगेच काही सुचले नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे; पण ‘केशवसुत’ आणि ‘गोविंदाग्रज’ यांच्या यादीत आईच्या नावावरून घेतलेले नाव शोधू लागलो, तर चटकन आठवेना. तिने ठरवले: स्वतःचे नाव, मग आईचे, आडनाव नाही.

फोटोचे मात्र अडले. तो न देता पुढेच जाता येत नाही, असे ती म्हणाली. मग नदीचा दिला तर चालेल का? मी हो म्हटले. धरणगावच्या रस्त्यावर तापी ओलांडताना बसच्या खिडकीतून तिने तो घेतला. मला दाखवला तेव्हा त्यात नदी थोडी आणि पुलाचा कठडाच जास्त होता. तोच लावला आहे.