टंकयंत्र ते स्लिम लॅपटॉप : नांदेड-लातूरमधील कामाच्या यंत्राची वाटचाल

नांदेड-लातूरचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला सरकारी कारभार उर्दूतून चाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कारभाराची भाषा ठरली आणि मराठी टंकलेखकांची गरज वाढली. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा देऊन लिपिकाची नोकरी मिळवणे हा साधारण घरातल्या मुलामुलींचा भरवशाचा मार्ग झाला. यंत्र संस्थेचे असे; विद्यार्थी ठरलेल्या तासाला येऊन सराव करी.

१९८१ मध्ये नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. तंत्रशिक्षण जवळ आले, तरी संगणक तालुक्याच्या गावांपर्यंत पोचवला तो एमएस-सीआयटीने. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक ठरला. टंकलेखनाची परीक्षाही पुढे संगणकावर गेली. मात्र यंत्र अजून केंद्राचेच होते.

एमएस-सीआयटी आले त्याच दशकात भारनियमनाने मराठवाडा हैराण होता. वीज जाताच डेस्कटॉप बंद पडे. यूपीएसवर फाइल सेव्ह करण्यापुरताच वेळ मिळे. स्वतःची बॅटरी असलेला लॅपटॉप इथे आधी याच कारणासाठी मोलाचा वाटला. ऑनलाइन सातबारा आणि ई-फेरफार आल्यावर तो तलाठ्याच्या पिशवीतही गेला. २०२० च्या टाळेबंदीत शिक्षण ऑनलाइन झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या घरीही त्याची निकड भासली.

लॅपटॉपची जाडी कमी होण्याची कारणे मात्र मराठवाड्याबाहेरची होती. २००७ मध्ये आसुसचा सात इंची ‘ई पीसी’ आला : स्वस्त, हलका, पण तोकडा. २००८ चा ‘मॅकबुक एअर’ १.३६ किलोचा होता, पण महाग. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची कल्पना मांडली. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, डीव्हीडी ड्राइव्ह गेला, प्रोसेसर कमी विजेवर चालू लागले. मग मध्यम किमतीतही स्लिम यंत्रे मिळू लागली.

या सुधारणांची किंमत दुरुस्तीत मोजावी लागते. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे कार्यालयीन काम, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल यांसाठी खरेदीच्या वेळीच किमान ८ जीबी, शक्य तर १६ जीबी रॅम घ्यावी. साठवणुकीला ५१२ जीबी एसएसडी पुरते. मराठवाड्याचा उन्हाळा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत अतिपातळ यंत्र गरम होऊन मंदावते, म्हणून हवा खेळण्याची सोय पाहावी. बिजागरी घट्ट हवी, बॅटरी बदलता यावी, दिवसभराचे टंकलेखन कीबोर्डने सोसले पाहिजे. कंपनीचे सेवाकेंद्र नांदेडला किंवा लातूरला आहे का, हे आधी विचारावे. नाहीतर किरकोळ बिघाडासाठीही यंत्र संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबादला पाठवावे लागते आणि तेवढे दिवस काम अडते. कमी खर्चात घ्यायच्या यंत्रात जाडीचे चार-दोन मिलिमीटर या सगळ्यानंतर मोजावेत.