सोनखत, मैला आणि सांडपाणी : वाईचा दाखला

लहान गावांतील मलनिस्सारणाचा इतिहास हा भुयारी गटारांचा इतिहास होय, असे समजण्याचा प्रघात आहे. मुंबई-पुण्यास तो शोभतो. कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावास मात्र ही दृष्टी लागू पडत नाही. कारण अशा गावी मैला पाणी वाहून नेत नसे, माणूस वाहून नेत असे. या भेदाची खूण भाषेने चांगली जपली आहे.

'सांडपाणी' या शब्दाचे घटक उघड आहेत : सांडलेले, टाकून दिलेले पाणी. मोरीचे, न्हाणीचे, भांडी घासल्याचे हे पाणी परसातील अळू-केळींस जाई किंवा उघड्या गटारीस लागे. 'मैला' ही निराळी वस्तू. ती पाटीच्या संडासातून नित्य उचलावी लागे, आणि उचलणाराची जात ठरलेली असे. खड्ड्यात केरकचऱ्यासह तिचे खत झाले की तिलाच 'सोनखत' म्हणत. ते विकून नगरपालिकांस उत्पन्न मिळे. वाहणाराच्या वाट्यास त्यातील काय येत होते, हे निराळे सांगावयास नको. त्याच्या राहणीमानाची चौकशी करण्यास मुंबई सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतः अंगावर घेऊन सोनखताचा प्रयोग चालविला.

पुढे घरोघर सेप्टिक टँक आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉनने रूढ केलेले हे नाव मराठीने जसेच्या तसे उचलले. ('कुजविणारी टाकी' असा अर्थ मराठी कानास लागत नाही, त्यास जखम सेप्टिक होणेच आठवते.) टाकीत घन भाग तळाशी बसून हवेवाचून कुजतो, वरचे पाणी बाहेर पडते, आणि शोषखड्डा नसल्यास ते उघड्या गटारीत जाते. म्हणजे मैला आणि सांडपाणी ह्या दोन वस्तू येथे प्रथमच एक झाल्या, आणि गटारीतून नदीच्या वाटेस लागल्या. पाटी गेली, ही या टाकीची मोठी कामगिरी होय. परंतु मैल्याचा प्रश्न तिने सोडविला नाही, केवळ दृष्टिआड केला. टाकी तुंबली की कोणास तरी तीत उतरावे लागे. १९९३ च्या कायद्याने मुख्यतः हाताने मैला उचलण्यास व कोरडे संडास बांधण्यास बंदी केली. टाकीत साधनांवाचून उतरविण्यास स्पष्ट बंदी २०१३ च्या कायद्याने आली. मधली वीस वर्षे कोणाच्या जिवावर गेली, हा प्रश्न नगरेतिहासकारांनी अद्याप पुरेसा विचारलेला नाही.

या पार्श्वभूमीवर वाईचा प्रयोग लक्षणीय ठरतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार वस्ती असलेल्या या गावाने २०१८ मध्ये टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी, पाळीपाळीने, यंत्रगाडीने ती उपसण्याची पद्धत घातली. आणि उपसलेल्या गाळासाठी दिवसाला ७० घनमीटर क्षमतेचे प्रक्रियाकेंद्र उभारले. भुयारी गटारांस लागणारा प्रचंड खर्च टाळून केलेली ही योजना लहान गावाच्या ऐपतीस धरून आहे. मात्र गाळावर प्रक्रिया झाली म्हणजे गटारीच्या पाण्यावरही झाली, असा अर्थ कोणी घेऊ नये. तो घोटाळा 'सांडपाणी' हा एकच शब्द दोहोंस लावल्याने होतो. केंद्रात गाळ वाळवून, उष्णतेने त्याचा कोळशासारखा पदार्थ करतात. पूर्वी नगरपालिका हीच वस्तू विकून पैसा मिळवी. आता ती निकालात काढण्यासाठी घरमालक कर भरतो.