गॅस भरण्याआधी

१९४० च्या मॉडेलची वातानुकूलित पॅकार्ड अमेरिकेत विकायला आली, तेव्हा तिच्या एसीत बिघडायला सेन्सरच नव्हता. थंडाव्याचं धूड मागच्या सीटच्या पाठीमागे आणि कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्याला कायमचा जुंपलेला. मध्ये क्लचसुद्धा नाही. गारवा नको असेल तर इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा उतरवून ठेवायचा. १९४१ नंतर हा प्रकार गुंडाळला गेला, त्यात नवल नाही.

१९५४ च्या नॅश अ‍ॅम्बॅसडरने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात आणली. तरी कमी-जास्त करणं चालकाच्याच हाती होतं, आणि मेकॅनिकचे प्रश्नही सरळ असत. पट्टा सैल आहे का? क्लच ओढतोय का? गॅस आहे का? ‘गॅस कमी झालाय’ हे निदान त्या काळी पुष्कळदा बरोबर निघे. सवय तिथेच लागली.

१९६४ मध्ये कॅडिलॅकने ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणलं. तबकडीवर ७५ अंश फॅरनहाइट लावले की पुढचं सगळं गाडीने पाहायचं. त्यासाठी तापमान जोखणारे तीन थर्मिस्टर होते: एक बाहेरच्या हवेसाठी, एक गाडीच्या आतल्या हवेसाठी आणि एक झडपांतून येणाऱ्या हवेसाठी. तापल्यावर धातूच्या तारेचा विजेला होणारा विरोध वाढतो, यांचा उलट घटतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा गुण मायकेल फॅरडेने १८३३ मध्येच पाहिला होता.

मेख होती ती जोडणीत. तिन्ही थर्मिस्टर एकाच साखळीत असल्याने यंत्रणेला फक्त बेरीज कळे. एकाची वायर तुटली की विरोध आकाशाला भिडे, म्हणजे यंत्रणेच्या हिशेबी कडाक्याची थंडी; मग भर जुलैत हीटर पूर्ण जोरात. शॉर्ट झाला तर त्याच्या उलट. कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅस पुरेसा, आणि तरी मालक घामाघूम. अशा गाडीत गॅस भरून काय होणार?

पुढे आतल्या सेन्सरच्या दुखण्यावर एक फार साधी चाचणी रूढ झाली. हा सेन्सर डॅशबोर्डवरच्या बोटभर जाळीमागे असतो आणि एक नळी त्याच्यावरून केबिनची हवा ओढत राहते. जाळीवर टिश्यूपेपरचा कपटा धरायचा. तो चिकटला तर हवा ओढली जाते आहे. गळून पडला तर नळी निसटली आहे किंवा धुळीने तुंबली आहे. सेन्सर धडधाकट असूनही डॅशबोर्डच्या पोटातली उष्णताच मोजत बसला आहे.

ऐंशीच्या दशकात कॅडिलॅकच्या काही गाड्यांत ‘ऑफ’ आणि ‘वॉर्मर’ ही बटणं एकत्र दाबून धरली की एसीच्याच पडद्यावर बिघाडांचे आकडे उमटू लागले. संगणक आला तरी तुटलेल्या वायरचा अर्थ तोच राहिला. बाहेरचा सेन्सर बंपरमागे, चिखलाच्या वाटेवर बसतो. त्याची वायर गेली की कित्येक गाड्यांत पडद्यावर उणे ४० दिसतं आणि एवढ्या ‘थंडीत’ संगणक कॉम्प्रेसर चालूच करत नाही. त्यात ओझोनच्या चिंतेमुळे अमेरिकेत गाड्यांच्या एसीत भरल्या जाणाऱ्या आर-१२ गॅसची निर्मिती १९९५ च्या अखेरीस थांबली. गॅस महागला, तशी अंदाजाने तो सोडून पुन्हा भरण्याची चैनही परवडेनाशी झाली.

आपल्याकडच्या गॅरेजांत जास्त गाठ पडते ती कूलिंग कॉइलवरच्या सेन्सरशी. कॉइल गोठणबिंदूजवळ आली की कॉम्प्रेसर बंद करायचा, हे त्याचं काम. तो कायम ‘गरम आहे’ असंच सांगत राहिला तर कॉइलवर बर्फ साचतो. गिऱ्हाईक सांगतं, “सुरुवातीला मस्त गार लागतं, मग हवाच येत नाही. गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालू.” बर्फ वितळेपर्यंतचा तो थोडा वेळ हीच खूण असते, कारण गॅस कमी असलेला एसी नुसत्या विश्रांतीने सहसा सुधारत नाही.

तरीही अनेक ठिकाणी पहिला हात गॅसच्या सिलिंडरकडेच जातो. खरं तर मल्टिमीटर आणि पेलाभर बर्फाचं पाणी पुरतं. सेन्सर काढून त्याचं टोक पाण्यात बुडवायचं: विरोध चढत जाऊन कंपनीच्या तक्त्यातल्या शून्य अंशाच्या आकड्याशी जुळला, तर सेन्सर चांगला आहे आणि शोध वायर-कनेक्टरकडे वळवायचा. काटा जागचा हललाच नाही, तर नवा सेन्सर मागवायचा.